चिकित्सालयीन औषधतज्ञ
रुग्णालयातील रुग्णाला दिले जाणारे औषध त्या विशिष्ट रुग्णाच्या दृष्टीने आवश्यक, योग्य मात्रेचे व निर्धोक आहे की नाही, हे रुग्णशय्येपाशी जाऊन तपासणारा आणि त्याबाबत चिकित्सकास सल्ला देणारा औषधशास्त्राचा पदवीधर. रुग्णालयात तो क्लिनिकल फार्मासिस्ट या नावाने ओळखला जातो. औषधे तयार करणे, त्यांचा साठा ठेवणे व चिठ्ठीबरहुकूम ती देणे, ही औषधनिर्मात्याची परंपरागत कामे होत. त्यांत मुख्य लक्ष औषधाकडे असते. चिकित्सालयीन औषधतज्ञाचे लक्ष औषध घेणाऱ्या व्यक्तीकडे असते. उत्तम प्रतीचे औषधही चुकीच्या मात्रेत, चुकीच्या मार्गाने वा दुसऱ्या विसंगत औषधाबरोबर दिले गेल्यास घातक ठरते. या अनुभवातूनच हा व्यवसाय उदयास आला.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धानंतर प्रभावी औषधांची संख्या झपाट्याने वाढली व त्यांबरोबर औषधजन्य अपायही वाढले. अमेरिकेत सॅन फ्रॅन्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ मध्ये शस्त्रक्रिया विभागाच्या नवव्या मजल्यावरच औषधकक्ष उघडण्यात आला आणि औषधतज्ञ तळघरातील कोठारातून रुग्णांजवळ आला. हा प्रयोग या व्यवसायाच्या विकासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. १९९० मध्ये हेप्लर व स्ट्रँड यांनी औषधोपचाराच्या परिणामाची जबाबदारी औषधतज्ञाने स्वीकारली पाहिजे, असा विचार मांडला. बॉस्टन येथील एका मोठ्या अध्यापन रुग्णालयातील अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील अतिदक्षता विभागात औषधतज्ञ चिकित्सकांबरोबर फेरीत सहभागी होऊ लागल्यावर औषधलेखनातील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे होणारे अपाय दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आले. औषधतज्ञाने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ चिकित्सकांनी मान्य केल्या.

भारतात औषधव्यवसायाचे नियमन १९४८ च्या कायद्याने होते. रुग्णसेवेवर भर देणारा सहा वर्षांचा फार्म. डी. हा अभ्यासक्रम भारतीय औषधव्यवसाय परिषदेने २००८ मध्ये सुरू केला; त्याचे अखेरचे वर्ष रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे असते.

दैनंदिन कार्य : औषधतज्ञाचा दिवस चिकित्सकांच्या फेरीपूर्वी सुरू होतो. रात्री दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रे, रक्ततपासणीचे निष्कर्ष आणि परिचारिकांनी भरलेले औषधतक्ते तो प्रथम वाचतो. त्यानंतर रुग्णाशी व त्याच्या नातेवाइकांशी बोलून तो पूर्वीच्या औषधांचा वृत्तांत घेतो. घरातून आणलेली पिशवी उघडून प्रत्येक गोळी पाहणे हा या वृत्तांताचा विश्वसनीय भाग होय. एकच औषध दोन व्यापारी नावांनी दुप्पट घेतले जात असल्याचे पुष्कळदा येथेच उघडकीस येते. काढे, चूर्णे व भस्मे यांना रुग्ण ‘औषध’ म्हणत नाहीत, म्हणून त्यांविषयी वेगळे विचारावे लागते. उदा., ज्येष्ठमधाच्या दीर्घकाळ व अधिक सेवनाने रक्तातील पोटॅशियम घटते. असा रुग्ण हृदयविकारावर डिगॉक्सिन घेत असल्यास हृदयाच्या ठोक्यांत धोकादायक अनियमितता निर्माण होऊ शकते.

मात्रेची तपासणी : अनेक औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर टाकली जातात. मूत्रपिंडाचे कार्य कळण्यासाठी रक्तातील क्रिॲटिनीन मोजतात; परंतु केवळ त्या आकड्यावरून फसगत होते. समजा, ७२ वर्षे वयाच्या, ४५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीच्या १०० मिलि. रक्तरसात १.२ मिग्रॅ. क्रिॲटिनीन आहे. हा आकडा सर्वसाधारण मर्यादेच्या काठावरचा असल्याने सहज नजरेआड होतो. कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांच्या १९७६ मधील सूत्रानुसार १४० मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येस वजनाने गुणतात, त्या गुणाकारास ७२ व क्रिॲटिनीन यांच्या गुणाकाराने भागतात आणि स्त्रियांच्या बाबतीत उत्तरास ०.८५ ने गुणतात. या रुग्णेचे उत्तर मिनिटास सु. ३० मिलि. येते, निरोगी तरुण व्यक्तीत ते १०० मिलि.च्या आसपास असते. तिला लिव्होफ्लॉक्सॅसीन हे प्रतिजैव औषध ७५० मिग्रॅ. रोज लिहिले गेले असेल, तर ते एक दिवसाआड द्यावे, असे औषधतज्ञ सुचवितो. वृद्ध व कृश व्यक्तीत स्नायू कमी असल्याने क्रिॲटिनीन कमी तयार होते, हे या फसगतीचे कारण होय.

फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाचे प्रमाण प्रत्यक्ष रक्तात मोजतात. ते साधारणपणे दर मिलि.मध्ये १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. या औषधाचे विघटन करणारी यकृतातील यंत्रणा लवकर संपृक्त होते. त्यामुळे मात्रा थोडी वाढविली, तरी रक्तातील प्रमाण एकदम चढते व रुग्णाचा तोल जाऊ लागतो. नमुना केव्हा घ्यावा व आकड्याचा अर्थ कसा लावावा, हे औषधतज्ञ सांगतो.

परस्परक्रिया : दोन औषधे एकमेकांच्या कार्यात बदल घडवून आणतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे यकृतातील काही एंझाइमे वाढतात आणि रक्त गोठणे रोखणाऱ्या वॉरफारिनचा परिणाम घटतो. म्हणून वॉरफारिनची मात्रा वाढवावी लागते. खरा धोका पुढे असतो. काही महिन्यांनी रिफॅम्पिसीन बंद झाले, की एंझाइमे पूर्वस्थितीवर येतात आणि वाढविलेली मात्रा तशीच चालू राहिल्यास रक्तस्राव होतो. तोवर रुग्ण बहुधा घरी गेलेला असतो. म्हणून ही तारीख औषधतज्ञ आधीच नोंदवून ठेवतो व रुग्णास समजावून देतो.

चुकांचा प्रतिबंध : घातक चुका पुष्कळदा क्षुल्लक दिसणाऱ्या कारणांनी होतात. इन्शुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’ याऐवजी इंग्रजी यू हे अक्षर लिहिल्यास ते शून्य म्हणून वाचले जाते व १० चे १०० होतात. भारतात दर मिलि.मध्ये ४० व १०० एकके असलेली दोन्ही प्रकारची इन्शुलिने मिळतात. १०० एककांचे इन्शुलिन ४० एककांच्या पिचकारीत तिच्या खुणांनुसार भरल्यास अडीचपट मात्रा जाते. संधिवाताभ संधिशोथावर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतले गेल्याने रुग्ण दगावले आहेत. यासाठी चिठ्ठीवर ठरलेला वारच लिहावा, असा आग्रह धरतात. व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरील औषध फक्त शिरेतून द्यावयाचे असून पाठीच्या कण्यातील द्रवात गेल्यास ते बहुधा प्राणघातक ठरते. म्हणून ते पिचकारीत न भरता लहान सलाइन पिशवीत मिसळून देतात. संहत पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या सामान्य विभागात न ठेवण्याचा संकेतही याच प्रकारचा आहे. व्यक्तीच्या सावधपणावर विसंबण्यापेक्षा चूक घडणेच अवघड व्हावे, अशी व्यवस्था करणे, हे या सर्व उपायांमागील तत्त्व होय.

नोंद व समुपदेशन : औषधाने पुरळ, यकृतशोथ यांसारखा अपाय झाल्यास औषधतज्ञ त्याची तपशीलवार नोंद करतो. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे अशा नोंदी पाठविल्या जातात. त्याचे समन्वय केंद्र २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. रुग्ण घरी जाताना कोणते जुने औषध बंद, कोणते चालू व कोणते नवे, हे त्यास त्याच्या भाषेत सांगून त्याच्याकडून परत वदवून घेतात. अक्षरओळख नसलेल्यांसाठी पाकिटावर सूर्य व चंद्र यांची चित्रे काढून वेळा दर्शवितात.

मर्यादा : रोगनिदान करणे व औषध लिहिणे हे चिकित्सकाचे काम असून औषधतज्ञाचा अधिकार सल्ल्यापुरता असतो. त्यामुळे सूचना कोणत्या शब्दांत, केव्हा व कोणापुढे करावी, यालाही महत्त्व येते. रुग्णादेखत चूक दाखविल्यास सल्ला योग्य असूनही तो नाकारला जाण्याचा संभव असतो. भारतातील बहुतेक रुग्णालयांत औषधनिर्मात्याची जागा आजही औषधवाटपाच्या खिडकीमागेच आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तर ती सर्वांस दिसते. न झालेला रक्तस्राव कोणासही दिसत नाही. म्हणून केलेली प्रत्येक सूचना, तिचे कारण व परिणाम लिहून ठेवणे हे औषधतज्ञाच्या दिवसातील अखेरचे काम असते. त्याच्या कार्याचे मूल्यमापन मुख्यतः या नोंदींवरूनच करता येते.