ट्रॉली व ट्रक अडचणीच्या जागी मागे घेताना

महाड व पोलादपूर तालुक्यांत खरीप भात हे प्रमुख पीक असून, दिवाळीच्या सुमारास झोडणी झाली की खळ्यावरील माल हलविण्याची घाई सुरू होते. भात गिरणीवर वा खरेदी केंद्रावर जाते, पेंढा गिऱ्हाइकाकडे जातो. पूर्वी बैलगाडी बोळात घ्यायची तर बैल सोडून चार माणसे ती हाताने ढकलीत. आता ट्रॅक्टर-ट्रॉली, टेम्पो व ट्रक आले. आळ्या, गडगे आणि गोदामांची दारे मात्र आहेत तेवढीच आहेत. गाडी पुढे चालविणे पुष्कळांना येते, पण भरलेली गाडी अरुंद जागी मागे घेण्याचे कसब सहसा कोणी बसून शिकवीत नाही.

मागे घेण्याचे निम्मे काम रिव्हर्स गिअर टाकण्यापूर्वीच होते. आपल्याकडे ट्रकचा चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे उजवी बाजू त्याला खिडकीतून डोके काढून पाहता येते; डाव्या बाजूसाठी केवळ आरशावर भिस्त. म्हणून गोदामाचे दार आपल्या उजव्या हाताला येईल अशा दिशेने आळीत शिरावे. दार ओलांडून थोडे पुढे जावे, तोंड डावीकडे काढावे व मग स्टिअरिंग उजवीकडे फिरवीत मागे यावे. दार डाव्या हाताला येत असेल आणि आळीला दुसरे तोंड असेल, तर वळसा घालून त्या बाजूने यावे. पाच मिनिटे जातात, पण जी बाजू दिसत नाही तिकडे गाडी घालण्याचा प्रसंग टळतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या लांब ट्रेलरना तर हे अधिकच लागू आहे. ट्रेलर डावीकडे वळला की डाव्या आरशात त्याची बाजूच तेवढी दिसते, मागचा पलीकडचा कोपरा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ वेळा विसरली जाते. मागचा भाग उजवीकडे वळत असताना गाडीचे तोंड डावीकडे फिरते. सगळ्यांचे लक्ष मागे असते आणि पुढचा डावा कोपरा गडग्याला किंवा उभ्या मोटारसायकलला घासतो.

ट्रॉलीचे गणित ट्रकच्या उलट आहे. ट्रक मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवावे त्याच बाजूला मागील भाग जातो. दोन चाकी ट्रॉली मात्र हुकाच्या पिनेवर फिरते, त्यामुळे ट्रॅक्टरचा मागील भाग उजवीकडे गेला की ट्रॉलीची शेपटी डावीकडे जाते. गोंधळ होऊ नये याकरिता एक सोपी युक्ती आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर धरावा व ट्रॉली ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात न्यावा. स्टिअरिंग थोडे थोडे फिरवावे आणि ट्रॉली वळू लागताच उलट फिरवून ट्रॅक्टर तिच्या मागोमाग आणावा. आखूड ट्रॉली फार चटकन वळते. दांडा मोठ्या चाकाला लागेल असे वाटले की थांबावे, पुढे जाऊन सरळ करावे व पुन्हा यावे. यात कमीपणा नाही. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा आसही फिरतो, म्हणून ती दोन ठिकाणी मोडते. नवख्याने ती अडचणीत मागे घेण्याचा हट्ट धरू नये.

पोलादपूरकडील वाड्या उतारावर आहेत. भरलेली ट्रॉली उतारावर मागे घेताना ती ट्रॅक्टरला ओढते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. अशा वेळी सर्वांत हलका गिअर ठेवावा आणि क्लच दाबू नये. क्लच दाबला की इंजिनाचा अटकाव संपतो. ट्रॅक्टरच्या उजव्या-डाव्या ब्रेकची पेडल्स खिट्टीने जोडलेली असावीत, नाहीतर एकच चाक अडते व गाडी आडवी होते. परतीच्या पावसाने लाल माती ओली असेल, तर ट्रॉली वरच्या रस्त्यावर सपाट जागी उभी करून पोती डोक्यावरून आणलेली बरी. घाटरस्त्याला गाडी वळवायची झाल्यास तोंड दरीकडे व शेपटी डोंगराकडे ठेवावी, म्हणजे धोक्याची कड चालकाच्या डोळ्यांसमोर राहते. डोंगराकडील गटार मात्र आधी उतरून पाहावे.

उतरून पाहण्याला पर्याय नाही. गाडीच्या मागे चालत जावे, दगड, खड्डा, फणसाची फांदी, विजेची तार, छपराची पाख पाहून घ्यावी. पेंढ्याने भरलेल्या ट्रॉलीमागे तर काहीच दिसत नाही. त्यातच दिवाळीच्या सुट्टीत मुले खळ्यावर असतात व पेंढ्यापाठी लपतात. गिअर टाकण्यापूर्वी मुले मोजून घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसवावीत.

इशारा एकानेच करावा. आपल्याकडे चार जण चार बाजूंनी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतात आणि ‘थांबा’ कोणाचे ते चालकाला कळत नाही. हौद्यावर किती थापा म्हणजे थांबायचे, हे आधीच ठरवावे. इशारा करणाऱ्याने चालकाला आरशात दिसेल असे बाजूला उभे राहावे. तो दिसेनासा झाला की चालकाने लगेच थांबावे, ओरडण्याची वाट पाहू नये. फाळका आणि भिंत यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. ट्रॉली कलली तर हाताने सावरू असे म्हणून माणसे मध्ये शिरतात, पण दोन टनांची ट्रॉली हाताने थांबत नाही.

महामार्ग क्रमांक ६६ वर गावच्या रस्त्यातून कधीही मागे येत बाहेर पडू नये. आत मोकळ्या जागी गाडी वळवून घ्यावी व तोंडानेच बाहेर यावे.

धक्क्यापासून ५-६ फुटांवर थांबून, गिअर काढून, ब्रेक लावून मगच फाळका उघडावा. फाळका उघडणारा बाजूला आल्यावर उरलेले अंतर सावकाश यावे व चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत. शेवटी हातभर फट राहिली तर राहू द्यावी. त्यावर जाड फळी टाकून पोती नेता येतात.