नारळी पौर्णिमा आणि मासेमारीचा हंगाम : बुरोंडी किनाऱ्याच्या अनुषंगाने

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात लाडघर व कोळथरे यांच्या दरम्यान बुरोंडी हे मासेमारांचे गाव वसले आहे. गावाजवळच्या टेकडीवर पृथ्वीच्या अर्धगोलावर उभी असलेली परशुरामाची भव्य मूर्ती आहे. परशुरामाने सागरास मागे हटवून कोकण निर्माण केले, अशी कथा आहे. सागराला हटविणाऱ्याची मूर्ती वर आणि सागरालाच देव मानणारे लोक खाली, हा योग मोठा मौजेचा होय.

किनाऱ्यावरील वर्षाचे दोन मोठे उत्सव म्हणजे शिमगा व नारळी पौर्णिमा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर पडून घरोघर जाते, व तिच्या दर्शनासाठी मुंबईचे चाकरमानी गावी परततात. हा उत्सव समग्र गावाचा असतो. श्रावणातील पौर्णिमेचा संबंध मात्र प्रत्यक्ष उपजीविकेशी आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. श्रावण अर्धा सरेपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. त्या सुमारास सोनेरी वेष्टनाचा नारळ मिरवीत नेऊन दर्याला अर्पण करावयाचा, होडीची पूजा करावयाची, घरी नारळीभात रांधावयाचा, आणि मग जाळी पाण्यात टाकावयाची. अर्थात हा विधी म्हणजे हंगामाचे द्वार उघडणारी परवानगीच होती.

आता ती परवानगी शासन देते. माशांच्या प्रजननकाळास संरक्षण मिळावे म्हणून राज्याच्या सागरी जलधिक्षेत्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. पूर्वीच्या नियमात बंदीची अखेर नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल त्या दिवशी होत असे. म्हणजे कायद्यानेही तिथीचा मान राखला होता. तिथी चांद्रमासाची, तारीख सौरवर्षाची. त्यामुळे दोहोंतील अंतर दरसाल बदलते. २०२० मध्ये पौर्णिमा ३ ऑगस्टला आली, म्हणजे अंतर जवळजवळ नव्हतेच. २०२३ साली अधिक श्रावण पडल्याने ती ३० ऑगस्टला गेली, व नारळ पाण्यात पडण्यापूर्वी हंगामाचा एक महिना उलटला होता.

ग्रीसच्या बेटांवर दर ६ जानेवारीस धर्मगुरू समुद्रात क्रूस टाकून जल पवित्र करतात. तो उत्सव तारखेलाच बांधलेला असल्याने तेथे हा पेच उद्भवत नाही. कोकणात मात्र मच्छीमारास प्रतिवर्षी निवड करावी लागते : इंधनाचा खर्च, कर्जाचे हप्ते व शेजारच्या बंदरातून १ ऑगस्टलाच निघालेल्या नौका एका बाजूस, आणि दर्याला नारळ दिल्यावाचून पाण्यात न उतरण्याची रीत दुसऱ्या बाजूस. बिगरयांत्रिक होड्यांना तर बंदीच लागू नाही. त्यांना थांबविणारे दोनच : वारा आणि पौर्णिमा.