पायाची सूज आणि पारण्याची प्रतीक्षा

दोन वर्षांपूर्वीच्या पर्युषणातील प्रसंग आहे. देऊळघाटला राहणाऱ्या माझ्या थोरल्या वहिनींनी अठाईचे पच्चक्खाण घेतले होते. वय सत्तरीच्या घरात, गुडघे दुखरे. त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ एका जागी बसूनच जाई. उकळलेले पाणीही त्या मोजकेच घेत. पाचव्या दिवशी त्यांची डावी पोटरी सुजली, तटतटली आणि हाताला गरम लागू लागली. घरची मंडळी म्हणाली, "अशक्तपणा असेल. तेल लावून चोळू या. दवाखान्याचे पारण्यानंतर पाहू."

तपश्चर्येत विघ्न येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. परंतु एकाच पायाला अचानक आलेली सूज निव्वळ थकव्याची समजणे धोक्याचे असते.

पायातील रक्त वर हृदयाकडे चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस फार वेळ बसून राहिला की तो प्रवाह मंदावतो, आणि शरीरातील पाणी कमी झाले की रक्त दाट होते. शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, लांबचा प्रवास, कर्करोग, गर्भारपण ही आणखी काही कारणे. अशा वेळी खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी धरू शकते. डॉक्टर तिला डीव्हीटी म्हणतात. तिचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसात अडकला, तर प्राणावर बेतते. म्हणूनच असा पाय चोळणे कटाक्षाने टाळावे.

मात्र केवळ पाहून गुठळीचा निर्णय करता येत नाही. स्नायू दुखावला, त्वचेखाली जंतुसंसर्ग झाला किंवा गुडघ्यामागील पाण्याची गाठ फुटली, तरी पाय असाच दिसतो. शिरेच्या आत डोकावणे भाग पडते. पूर्वी त्यासाठी पावलाच्या शिरेत औषधी रंगद्रव्य टोचून क्ष-किरण चित्रे घेत. व्हेनोग्राफी नावाची ही तपासणी अचूक, पण वेदनादायक होती. 1980 नंतरच्या दशकात सोनोग्राफीने तिची जागा घेतली.

या तपासणीतील युक्ती विलक्षण साधी आहे. जांघेपासून पोटरीपर्यंत जेल लावून यंत्राचा प्रोब ठिकठिकाणी हलकेच दाबतात. निरोगी शीर मऊ असते. दाबताच तिच्या भिंती एकमेकींना टेकतात आणि पडद्यावरून ती जणू नाहीशी होते. आत गुठळी असेल, तर शीर दबत नाही. जोडीला कलर डॉप्लर रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये मांडलेल्या तत्त्वावर तो चालतो: हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची कंपने बदलतात. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही. त्यामुळे गर्भवतीचीही ही तपासणी निर्धास्तपणे करता येते.

तिलाही मर्यादा आहेत. पोटरीतील बारीक शिरांतली लहान गुठळी निसटू शकते. बँकेत ताळा जुळला तरी शंकास्पद नोंद आम्ही पुन्हा तपासत असू. त्याचप्रमाणे अहवाल निर्दोष येऊनही लक्षणे कायम राहिली, तर डॉक्टर साधारण आठवड्याने फेरतपासणी सांगतात. ओटीपोटातील खोल शिरांसाठी सीटी किंवा एमआरआयची मदत लागते. फुप्फुसात गुठळी गेल्याची शंका असल्यास रंगद्रव्य देऊन छातीचा सीटी काढतात. डी-डायमर ही रक्ततपासणी गुठळीची शक्यता दूर करण्यास उपयोगी पडते. मात्र ती वाढलेली आली म्हणजे गुठळी असतेच असे नाही, आणि उतारवयात ती एरवीही वाढलेली आढळते.

वहिनींना आम्ही त्याच दुपारी बुलढाण्याला नेले. त्यांची चिंता एकच होती: "तपासणीने माझा उपवास मोडेल का?" डॉक्टर म्हणाले, "आजी, पोटात काहीच जाणार नाही. पायाच्या डॉप्लरला खाण्यापिण्याची अट नसते." वीस-पंचवीस मिनिटांत उत्तर मिळाले. मांडीतील शीर दबत नव्हती.

गोळ्या मात्र लगेच सुरू करायच्या होत्या. वहिनी गप्प झाल्या. त्या वेळी महाराजसाहेबांनी समजावले की, प्रत्याख्यानातच गंभीर आजाराच्या प्रसंगी समाधी टिकावी म्हणून औषधाचा आगार ठेवलेला आहे. तो घेणे हा व्रतभंग नव्हे. वहिनींनी हात जोडले आणि औषध घेतले. आज त्या मंदिरात स्वतःच्या पायांनी जातात.

वाचकहो, तपश्चर्या करणाऱ्यांनी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. व्रतात जेवढे पाणी चालते, तेवढे नेमाने घ्यावे; तासातासाने उठून चार पावले चालावे. पूर्वी गुठळी झालेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांना विचारावे. एक पाय सुजला, तर त्याच दिवशी तपासणी करावी. धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. पारणे दोन दिवस पुढेमागे होऊ शकते. गुठळी कोणासाठी थांबत नाही.