कुरकुरणारा चाहता : 'एज ऑफ एम्पायर्स'च्या निष्ठेची गोष्ट

यंदाच्या मे महिन्यात माझ्या थोरल्या मावसभावाचा नाशिकहून फोन आला. हॅलोसुद्धा न म्हणता तो म्हणाला, "आता बास. हे मी घेणार नाही."

'हे' म्हणजे 'एज ऑफ एम्पायर्स' या संगणकीय खेळाच्या दुसऱ्या भागासाठी ६ मे २०२५ रोजी आलेली 'द थ्री किंगडम्स' नावाची नवी पुरवणी. मी म्हटलं, "दादा, हे तू गेल्या वर्षीही म्हणाला होतास." "गेल्या वर्षी नुसतं म्हणालो होतो," तो म्हणाला. "त्याच गव्हाचं पीठ आपण किती वेळा विकत घ्यायचं?"

दादा चव्वेचाळीस वर्षांचा, मी अडतीस. दोघांच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत, आणि दर रविवारी रात्री दहा वाजता आम्ही अजूनही हा खेळ खेळतो. कंपनीवर आमचा काडीचा विश्वास नाही. नवी घोषणा झाली की आधी आम्ही हसतो, मग किंमत बघतो, मग शिव्या देतो आणि मग (निदान आतापर्यंत तरी) विकत घेतो. हा वेडेपणा की सवय की आणखी काही, हा प्रश्न दादाच्या त्या फोनपासून माझ्या डोक्यात आहे. त्याचा छडा लावण्याचा हा प्रयत्न.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला तुमच्या हाती एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि घोड्यावरचा एक टेहळ्या असतो. नकाशाचा बाकीचा भाग काळोखात. गावकऱ्यांकडून अन्न, लाकूड, सोनं आणि दगड गोळा करायचे, त्यातून घरं, शेतं, तबेले, किल्ले उभारायचे, अंधारयुगापासून साम्राज्ययुगापर्यंत चार युगं चढायची आणि समोरच्याचं राज्य बुडवायचं. एका गावकऱ्याची किंमत पन्नास अन्न, आणि तो तयार व्हायला पंचवीस सेकंद लागतात. नगरकेंद्र रिकामं बसलं की तुम्ही हरायला लागलात. भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी, तिरंदाज भालाइताला भारी. नियम इतके साधे आहेत. पण नकाशा दर वेळी नवा मांडला जातो आणि समोर माणूस असतो, त्यामुळे एक डाव दुसऱ्यासारखा होत नाही.

मी हे २००१ साली सांगलीतल्या एका सायबर कॅफेत शिकलो. तासाला वीस रुपये होते. दादा कॉलेजात होता आणि मी त्याच्या सायकलवर मागे बसून जायचो. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे लाकडावर, मग एकाने रानडुकराला बाण मारून त्याला नगरकेंद्रापर्यंत पळवत आणायचं. हा क्रम त्याने मला पाढ्यांसारखा घोकून घ्यायला लावला. आज माझा हात तो विचार न करता करतो. निष्ठेचा मोठा भाग अशा हातातल्या ज्ञानाचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. वाचलेलं पुस्तक कपाटात राहतं, पण वीस वर्षं घोटलेलं कसब खेळ सोडला की वापराविना पडून राहतं. नव्या खेळात मी पुन्हा बिगरीतला विद्यार्थी.

आता अविश्वास कुठून आला ते पाहू. पहिला 'एज ऑफ एम्पायर्स' १९९७ साली आला. डॅलसच्या 'एन्सेंबल स्टुडिओज'ने तो बनवला आणि मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केला. १९९९ साली दुसरा भाग आला, त्यात तेरा संस्कृती होत्या. २०००च्या 'द कॉन्करर्स' पुरवणीने त्या अठरा झाल्या. २००१ साली मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओच विकत घेतला, २००५ साली तिसरा भाग आला आणि जानेवारी २००९मध्ये स्टुडिओ बंद करण्यात आला. त्याआधी २००६ साली, ज्या 'झोन' नावाच्या जागी जगभरचे खेळाडू एकमेकांशी डाव मांडायचे, तिथून मायक्रोसॉफ्टने असे खेळ काढून टाकले होते. २०११ साली 'एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन' नावाचा व्यंगचित्रासारखा दिसणारा खेळ आला. तो सर्व्हरशिवाय चालतच नसे. जुलै २०१४मध्ये सर्व्हर बंद झाले आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेला खेळ एका दिवसात नाहीसा झाला. पुढे चाहत्यांनीच खटपट करून तो स्वतःच्या सर्व्हरवर परत उभा केला, पण तो धडा आमच्या पिढीच्या मनातून गेला नाही.

म्हणजे मालकाच्या लेखी ही मालिका २००९ साली जवळजवळ संपली होती. ती संपली नाही, कारण चाहते 'व्हूब्ली' आणि 'गेमरेंजर'सारख्या इतर ठिकाणी जाऊन दुसरा भाग खेळत राहिले. त्यातल्या काहींनी तर खेळाच्या फाइली उलगडून त्यात नव्या संस्कृती घातल्या आणि डिसेंबर २०१२मध्ये 'फरगॉटन एम्पायर्स' या नावाने ती पुरवणी फुकट वाटली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या भागाची नवी 'एचडी' आवृत्ती काढली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी या हौशी मंडळींचं काम 'द फरगॉटन' या नावाने अधिकृत, विकाऊ पुरवणी होऊन आलं. आज दुसऱ्या भागाची जी 'डेफिनिटिव्ह एडिशन' आम्ही खेळतो (नोव्हेंबर २०१९), तिच्यामागे मुख्यतः हेच लोक आहेत. गावच्या जत्रेत हौसेने नाटक करणाऱ्या पोरांना उद्या नाटक कंपनीच्या मालकाने नोकरीवर घ्यावं, तसा हा प्रकार.

म्हणून आमची कुरकुर साधी नाही. कंपनी आम्हाला विकते त्यातलं पुष्कळसं आमच्यातल्याच कुणीतरी प्रेमापोटी केलेलं असतं. मार्च २०२४मध्ये 'व्हिक्टर्स अँड व्हॅन्क्विश्ड' नावाचा संच आला. त्यातल्या बहुतेक मोहिमा एका चाहत्याने पूर्वी बनवून फुकट दिलेल्या होत्या, त्यांना रंगरंगोटी करून किंमत लावली होती. मे २०२३च्या 'रिटर्न ऑफ रोम'ने पहिला भाग दुसऱ्या भागाच्या पोटात घालून परत विकला. त्याच पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती २०१८ सालीच विकून झाली होती, म्हणजे एकच खेळ तिसऱ्यांदा बाजारात. आणि यंदाच्या 'थ्री किंगडम्स'मध्ये चीनमधली तिसऱ्या शतकातली तीन राज्यं आहेत. हा खेळ रोमच्या पतनापासून पुढच्या हजारेक वर्षांचा. खितान आणि जुर्चेन त्यात शोभतात, पण वेई, शू आणि वू ही राज्यं त्या काळाआधीच संपलेली. शिवाय नेहमीच्या डावात कधीही नसणारे वीरपुरुष या तीन संस्कृतींना दिलेले. इतिहासाशी इमान राखणारा खेळ म्हणून ज्यांनी याच्यावर प्रेम केलं, त्यांना हे झोंबलं. दादा त्यांतलाच.

इथे मला अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाची मदत झाली. १९७० साली त्यांनी 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' नावाचं लहानसं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था किंवा माल घसरू लागला की माणसासमोर दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. त्यांना हे सुचलं ते नायजेरियातल्या रेल्वेवरून. रेल्वेची सेवा खराब होती आणि शेजारी मालमोटारी उपलब्ध होत्या. अर्थशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने स्पर्धेमुळे रेल्वे सुधारायला हवी होती, पण ती सुधारली नाही. कारण जे सर्वांत जास्त ओरडले असते तेच सर्वांत आधी मालमोटारींकडे गेले. मागे राहिले ते ज्यांना फारसा फरक पडत नव्हता. हर्शमन म्हणतात, निष्ठेचं काम हे की अशा चोखंदळ गिऱ्हाइकाला ती थोडा वेळ थोपवून धरते, आणि त्या वेळात तो तक्रार करतो.

दिवाळी अंकांच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. 'आता अंकांत पूर्वीसारखं काही राहिलं नाही' असं म्हणत दर ऑक्टोबरात तो पाच अंकांची मागणी नोंदवतोच.

पण हर्शमनच्या दोन वाटांत चाहत्यांची तिसरी वाट बसत नाही. मालक ऐकत नाही तर आपणच दुरुस्त करू, ही ती वाट. 'फरगॉटन एम्पायर्स' तिच्यावरूनच आलं. आणि तिथे निष्ठा कंपनीवर नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. ती पंचवीस सेकंदांच्या त्या गावकऱ्यावर होती, भालाईत आणि घोड्याच्या हिशेबावर होती, पलीकडच्या टोकाला बसलेल्या भावावर होती. कंपनीविषयी खवचट असणं आणि खेळाविषयी हळवं असणं यांत मला तरी विसंगती दिसत नाही. किंबहुना ज्याला खेळाचं काही पडलेलं नाही, तो खवचट होण्याचे कष्टही घेत नाही.

आवाज नेहमी पोचतो असं मात्र नाही. तिसऱ्या भागाची सुधारित आवृत्ती २०२० साली आली. तिच्यासाठी पोलिश आणि डॅनिश लोकांच्या संस्कृतींची पुरवणी जाहीर झालेली होती. जानेवारी २०२५मध्ये कंपनीने ती रद्द केली आणि त्या खेळाचं पुढचं कामच थांबवलं. तिथले चाहते आमच्याइतकेच निष्ठावान होते, ते फक्त संख्येने कमी होते.

इथपर्यंत लिहून मी थांबलो, कारण एक गोष्ट कबूल केल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. सांगलीच्या त्या कॅफेतली प्रत चोरीची होती. पुढे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आम्ही आठ जण तारा जोडून रात्रभर खेळायचो, तीही चोरीचीच. कुणाच्या तरी बॅगेतून आलेली चांदीच्या रंगाची सीडी, वर मार्करने 'एओई' लिहिलेलं. २००१ ते २०१३ ही बारा वर्षं मी या खेळाला एक पैसा दिला नाही. ज्या स्टुडिओने तो बनवला तो या काळातच बंद झाला. माझ्या न दिलेल्या पैशांमुळे तो बंद झाला असं मी म्हणणार नाही. एवढी माझी ऐपतही नव्हती आणि किंमतही नव्हती. पण आज कंपनीला लोभी म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. २०१३ साली पहिल्या नोकरीच्या पगारातून एचडी आवृत्ती घेतली, तेव्हा उधारी फेडल्यासारखं वाटलं होतं. त्यानंतरची प्रत्येक पुरवणी मी काहीशी त्याच खात्यावर घेत आलोय. दादाचं म्हणणं असं, की व्याजासकट फिटलंय, आता मूर्खपणा पुरे.

आणि पूर्वी सगळं निर्मळ होतं हीसुद्धा आमची समजूतच. 'कॉन्करर्स'मध्ये ऐनवेळी कोरियन संस्कृती आली ती दक्षिण कोरियातल्या बाजारपेठेकडे पाहून, हे बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं आहे. पण तेरा वर्षांच्या पोराला बाजार दिसत नाही, त्याला कासवाच्या आकाराचं लढाऊ जहाज दिसतं.

मग अजूनही विकत का घ्यायचं? मला उत्तर २०२२ साली मिळालं होतं. खेळात २०१३पर्यंत हिंदुस्थान नव्हताच. मग 'इंडियन्स' नावाची एकच संस्कृती आली, गझनीच्या वेशीपासून कावेरीपर्यंत सगळ्यांना मिळून एक. २०१६मध्ये 'राइज ऑफ द राजाज' नावाची पुरवणी जाहीर झाली तेव्हा आम्ही दोघं हरखलो, तर तिच्यात ब्रह्मदेश, ख्मेर, मलय आणि व्हिएतनाम. राजे होते, आमचे नव्हते. दादाने तेव्हाही "आता बास" म्हटलं होतं. अखेर एप्रिल २०२२मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आली आणि त्या एका गठ्ठ्याच्या जागी हिंदुस्थानी, बंगाली, द्राविड आणि गुर्जर अशा चार संस्कृती झाल्या. राजेंद्र चोळाची मोहीम आली, उरुमी फिरवणारे सैनिक आले. आक्षेप पुष्कळ घेता येतील. देवगिरीच्या यादवांना आणि राष्ट्रकूटांना यात स्वतःचं घर नाही. वेरूळचं कैलास लेणं खोदवणाऱ्यांना द्राविडांच्या ओसरीवर जागा मागावी लागते. पण त्या रात्री मी पहिल्या गावकऱ्यावर क्लिक केलं आणि तो तमिळमध्ये बोलला. मराठीत बोललेला नाही, हे मी विसरलेलो नाही. तरी इंग्रज, फ्रँक, मंगोल आणि जपानी सरदारांच्या हुकुमाखाली एकवीस वर्षं काढल्यावर तो आवाज ऐकून मी खुर्चीत मागे रेललो आणि माझी मेंढरं तशीच उभी राहिली. दादाचा मेसेज आला, "झोपलास का रे?"

एक मात्र यंदा नवीन घडलं. दादाने पुरवणी खरंच घेतली नाही. मला वाटलं रविवार संपले. पण खेळाची रचना अशी, की ज्याच्याकडे पुरवणी नाही त्यालाही ती असणाऱ्याशी खेळता येतं. फक्त नव्या संस्कृती निवडता येत नाहीत. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी विकत घेतलेली शू संस्कृती निवडली. दादाने फ्रँक घेतले, जे तो सांगलीपासून घेतो आहे. चाळिसाव्या मिनिटाला त्याच्या घोडदळाने माझं नगरकेंद्र पाडलं. खेळात आकडा टाइप केला की ठरावीक आवाज वाजतो. अकरा म्हणजे खदाखदा हसणं. दादाने अकरा दाबलं, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा.