कांद्याच्या बाजारातून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे

मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरील लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील शेतमालाच्या उलाढालीचे गाव. उन्हाळी कांदा बाजार समितीच्या आवारात येऊ लागला की शेतकऱ्यापुढे नेहमीचा प्रश्न उभा राहतो. भाव पडला असता माल मिळेल त्या दरात द्यावा, की चाळीत साठवून सड, मोड व वजनातील घट सोसावी? याच गावातील पदवीधर तरुण त्या वेळी नोकरीच्या जाहिराती चाळत असतो. हे दोन प्रश्न वेगळे भासले, तरी त्यांचे उत्तर एकत्र शोधता येते.

एक बोलके उदाहरण

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून झाली. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथील तरुण संशोधकांच्या एका गटाने विजेशिवाय चालणारे सौर वाळवणी यंत्र विकसित केले. गटाचे प्रमुख डॉ. वैभव तिडके हे मराठवाड्याचेच सुपुत्र. २०१३ मध्ये या यंत्रास डेल सामाजिक नवोन्मेष स्पर्धेचे पारितोषिक लाभले. पुढे या प्रयत्नातून ‘एस४एस टेक्नॉलॉजीज’ हा उद्योग उभा राहिला. गावोगावच्या महिला शेतमाल वाळवितात आणि कंपनी तो घेऊन खाद्यउद्योगास पुरविते. २०२३ मध्ये या उद्योगास ‘अर्थशॉट’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

येथे यंत्राइतकेच महत्त्व खरेदीदाराची सोय आधी लावण्याला आहे. वाळविलेला माल विकला गेला नाही, तर शेतकऱ्याचे नुकसान केवळ पुढे ढकलले जाते.

विद्यापीठ काय देऊ शकते?

कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यामुळे एक किलो वाळलेल्या कांद्यासाठी सुमारे आठ ते दहा किलो ताजा कांदा लागतो. घन पदार्थांचे प्रमाण अधिक असलेले पांढरे वाण यासाठी अधिक उपयुक्त ठरतात. आपल्या शिवारातील कांद्यात हे प्रमाण किती, वाळविल्यानंतर ओलावा किती उरतो, माल किती दिवस टिकतो, याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा व जाणकार प्राध्यापक हवेत.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये नवोपक्रमाच्या कार्यासाठी विद्यापीठांत स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली. १९५८ साली स्थापन झालेल्या, आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानांतर्गत इन्क्युबेशन सेंटर सुरू झाले. नव्या उद्योजकास जागा, मार्गदर्शन आणि संपर्क मिळवून देणे, हे अशा केंद्राचे काम होय. उद्योजकता प्रशिक्षणासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालयही याच शहरात आहे.

प्राध्यापकांनाही यात स्थान आहे. केंद्र शासनाच्या २०१९ च्या नवोन्मेष व स्टार्टअप धोरणात प्राध्यापकास उद्योगासाठी रजा देण्याची आणि विद्यार्थ्यास शिक्षणात खंड घेऊन परत येण्याची मुभा सुचविली आहे. उद्योग फसला तरी पदवीचा मार्ग बंद होत नाही, हा दिलासा घरच्या तुटपुंज्या उत्पन्नावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मोलाचा वाटेल.

अंतर कमी व्हावे

तथापि केंद्र शहरात आणि प्रश्न गावात, अशी स्थिती आहे. लासूर स्टेशनहून शहर पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर. कोणाकडे जावे, काय विचारावे, हे ठाऊक नसेल तर हे अंतर आणखी वाढते. म्हणून ग्रामीण महाविद्यालयांनी पहिली पायरी व्हावे. विद्यार्थ्यांनी एक हंगाम बाजारात बसून आवक, दर आणि नासाडी यांची नोंद ठेवावी. प्राध्यापकांनी त्यातून एक प्रश्न निवडून नमुने विद्यापीठाकडे न्यावेत. केंद्राने उत्तराबरोबर खरेदीदाराचाही शोध घ्यावा.

प्रत्येक प्रयत्न यशस्वी होईल असे नाही. परंतु ज्या तरुणाने वडिलांचा कांदा मातीमोल दराने विकला जाताना पाहिला, त्याच्याइतकी या प्रश्नाची जाण अन्य कोणास असणार? त्या जाणिवेला शास्त्राची जोड देणे, हे विद्यापीठाचे कर्तव्य होय.