मध्यरात्रीची फेरी वाचविणारे यंत्र
मोबाइल स्टार्टरच्या पेटीत दोन तारांवर काय चालते?

बदनापूर, प्रतिनिधी : जालना ते छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील बदनापूर हे नाव शेतीच्या जाणकारांना येथील कृषी संशोधन केंद्रामुळे आणि तेथील ‘बीडीएन ७११’ या तुरीच्या वाणामुळे परिचित आहे. मात्र तूर असो वा मोसंबी, मराठवाड्यात पिकाचे नशीब बहुतांशी ‘लाईट’ केव्हा येते यावर अवलंबून राहिले आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री वीज मिळत आली. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि अनेक गावांत दिवसा वीज येऊ लागली. पण जेथे रात्रीची पाळी कायम आहे, तेथे बॅटरी घेऊन विहिरीवर जाणे, अंधारात साप-विंचू चुकविणे आणि ओल्या हाताने स्टार्टरचे बटण दाबणे चुकलेले नाही. मोबाइल स्टार्टर ही फेरी वाचवितो.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्राला २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते. पंपाजवळच्या मोबाइलला फोन करायचा, कळ दाबायची आणि तिच्या आवाजावरून यंत्राने आज्ञा ओळखायची, अशी ती युक्ती. पुढे सुट्या जीएसएम मोड्यूलचा प्रसार झाला आणि आवाजाची जागा अक्षरांनी घेतली.

अशा पेटीत दोन मुख्य घटक असतात. एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा संगणक. दुसरे सिमकार्ड बसणारे मोड्यूल. दोघांचे बोलणे सीरियल पिनांवरून चालते. एक पिन बोलण्याची, एक ऐकण्याची. एकाची बोलण्याची पिन दुसऱ्याच्या ऐकण्याच्या पिनेला जोडावी लागते. नवशिका येथेच पहिल्यांदा अडतो, कारण सारख्या नावाच्या पिना एकमेकींना जोडण्याचा मोह होतो. मग दोघेही बोलत राहतात, ऐकत कोणीच नाही. तिसरी तार दोघांच्या समाईक ग्राउंडची. ती विसरल्यास अक्षरे भ्रष्ट येतात किंवा येतच नाहीत.

बोलण्याचा वेगही आधी ठरवावा लागतो. प्रचलित वेग सेकंदाला ९६०० बिट. प्रत्येक अक्षरासाठी आरंभाचा एक, मजकुराचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. ‘पंप चालू’ एवढा निरोप पोहोचविण्यास हे पुरून उरते. अर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावरील १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून हा वेग जवळजवळ अचूक निघतो, तर १,१५,२०० या वेगाला दोन टक्क्यांहून अधिक फरक पडतो. शेतावर घाई कशाची आहे? सावकाश बोललेले बरे.

खरी मेख पिनांच्या निवडीत आहे. उनोवरील शून्य आणि एक क्रमांकाच्या पिना संगणकाकडून प्रोग्राम घेण्यासाठीही वापरल्या जातात. मोड्यूल त्यांनाच जोडले, तर प्रोग्राम भरताना दोघे एकाच तारेवर बोलू लागतात. म्हणून मोड्यूलसाठी दुसऱ्या दोन पिना प्रोग्राममध्येच सीरियल म्हणून नेमतात. याहून गंभीर चूक म्हणजे बोलण्याच्या पिनेवर रिले लावणे. मग प्रत्येक अक्षरासरशी रिलेला झटके बसतात, कॉन्टॅक्टर थरथरतो, त्याचे संपर्क जळतात आणि मोटरही धोक्यात येते. मोटर भरण्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. दाबाचाही प्रश्न आहे : उनो पाच व्होल्टवर बोलतो, पुष्कळ मोड्यूल तीनपेक्षा कमी व्होल्टवर. मध्ये दोन रेझिस्टर घालून दाब उतरवावा लागतो. शिवाय मनोऱ्याशी संपर्क साधताना मोड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत वीज ओढते. कमकुवत अडॅप्टर असला तर ते वारंवार बंद पडते.

परदेशात, आणि हौशी मंडळींकडून आपल्याकडेही, घरातील हीट पंप, म्हणजे ‘हॉट अँड कोल्ड’ एसी, याच मार्गाने चालविले जातात. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या बऱ्याच एसींच्या आत सीरियल जोडणीची सोय असते. तिचा वेग फक्त २४०० बिट आणि सोबत चूक ओळखणारा एक जादा बिट. वेग बरोबर ठेवून तो बिट विसरला, तर एसी मौन धरतो.

पंपाच्या बाबतीत मात्र आज्ञा पोहोचणे पुरेसे नाही. निरोप मालकाच्या क्रमांकावरूनच आला आहे ना, तिन्ही फेज आहेत ना, हे तपासल्यावरच एक रिले हिरव्या बटणाचे काम क्षणभर करतो. दोन फेजवर मोटर चालली तर जळते. विहिरीचे पाणी संपले की मोटरचा विद्युतप्रवाह घटतो. तो मोजून पंप बंद करता येतो आणि मालकाला तसे कळविता येते. वीज येताच पंप आपोआप सुरू करणाऱ्या ‘ऑटो स्विच’पेक्षा हे बरे, कारण एकाच डीपीवरील सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की भार डीपीवर येतो.

घेताना सिमकार्डाचीही चौकशी करावी. केवळ २जीवर चालणारी जुनी मोड्यूल जिओच्या सिमवर चालत नाहीत, कारण २०१६ साली सेवा सुरू करणाऱ्या या कंपनीच्या जाळ्यात २जी नाही. ४जी मोड्यूल महाग पडते, पण त्यालाही आज्ञा पाठविण्याची रीत तीच : दोन तारा, ठरलेला वेग आणि समाईक ग्राउंड.