दुनळी बंदूक आणि तरुण नेमबाज

बंदूक म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शिकार तरी येते, नाहीतर मारामारी. तिसरी गोष्ट सहसा येत नाही, आणि मला तिच्याविषयीच सांगावयाचे आहे. ती म्हणजे खेळ. जुनी दुनळी बंदूक हाती घेऊन उडती चकती फोडावयाची, हा तो खेळ. तो आपल्याकडच्या तरुण पोरांना का शिकवावा, आणि कसा शिकवावा?

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, मागे लाकडी दस्ता, खाली दोन चाप. पुढचा चाप ओढला की बहुधा उजवी नळी उडते, मागचा ओढला की डावी. आपल्याकडे 'बारा बोर' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. तिचा व्यास भरतो सुमारे साडेअठरा मिलिमीटर.

पूर्वी ठासणीच्या बंदुका होत्या. दारू, छर्रे, सगळे नळीच्या तोंडातून भरावयाचे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या कारागिरांनी मागून काडतूस भरावयाची सोय केली. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यातल्या अँसन आणि डीली या दोघांनी घोडे पेटीच्या आत दडवून फार सुटसुटीत यंत्रणा बसवली. आजही पुष्कळशा दुनळ्या त्याच धर्तीवर चालतात. जुन्या परवान्यावर 'डी. बी. बी. एल.' अशी अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ एवढाच, की ही मागून भरावयाची दुनळी आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. तेलगावच्या शिवारात ऊस आहे, कापूस आहे, आणि जेथे पीक आहे तेथे रानडुक्कर आणि रोहीही आहेत. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढावयाचा, आणि जमलेच तर शिकारही करावयाची, अशी मागच्या पिढ्यांची रीत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शौकाच्या शिकारीचे दिवस संपले. ते योग्यच झाले. आपल्याच जिल्ह्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, हे विसरून चालणार नाही. पण शिकार संपली आणि कपाटातली बंदूक मुकी झाली. आजोबा गेले की ती पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. नातवाला तिचे ओझे वाटते, कारण ती उघडावी कशी हेसुद्धा त्याला कोणी शिकवलेले नसते.

याच नातवाला बंदुकीचे आकर्षण मात्र आहे. फक्त ते दुसरीकडे वळले आहे. कमरेला पिस्तूल, वरातीत हवेत बार, आणि त्याचे मोबाईलवर चित्रण! 2025 च्या सुरुवातीस बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. 2019 च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या भरात निष्काळजीपणे बार काढून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा हवाच. पण नुसत्या 'करू नको' ने तरुण मन भरत नाही, हे वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. त्याला 'हे कर' असेही काही द्यावे लागते.

मग जुनी दुनळीच का? कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे, की ती काही लपवत नाही. बिजागरीवर वाकवली की दोन्ही नळ्या उघड्या पडतात. भरलेली आहे की रिकामी, हे दहा पावलांवरच्या माणसालाही कळते. उघडी बंदूक घेऊन चालावयाचे, ही या खेळातली सभ्यता आहे. पिस्तूल लपवता येते, दुनळी मिरवतानासुद्धा उघडी ठेवावी लागते.

दुसरे कारण म्हणजे तिच्यात काडतुसे दोनच. धडाधड बार काढण्याची सोयच नाही. दोन बार संपले की थांबा, उघडा, विचार करा. घाईत असलेल्या मुलाला थांबावयास शिकवणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

तिसरे कारण जरा समजून घ्यावे लागेल. दोन्ही नळ्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी पुष्कळ दुनळ्यांत आतून तशा नसतात. एक नळी तोंडाशी थोडी अधिक आवळलेली असते. या आवळण्याला चोक म्हणतात. चोक नसलेल्या नळीतून 40 यार्डांवर 30 इंचांच्या वर्तुळात सुमारे 40 टक्के छर्रे पडतात, तर पूर्ण चोकच्या नळीतून सुमारे 70 टक्के. म्हणजे जवळच्या लक्ष्याला मोकळी नळी, लांबच्याला आवळलेली. चकती उडालेली असताना कोणता चाप ओढावयाचा, हे क्षणात ठरवावे लागते. त्याला विवेक लागतो, नुसती ताकद उपयोगाची नाही.

आता कोणी म्हणेल, ऑलिंपिकात तर नळ्या एकावर एक असलेली बंदूक चालते. खरे आहे. नजरेसमोर एकच नळी राहिल्याने तिथे नेम सोपा पडतो. परंतु मूळ विद्या दोन्हीची एकच. बिकानेरचे महाराजा करणीसिंह 1960 ते 1980 या काळात पाच ऑलिंपिक खेळले आणि 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी चकत्यांवरच रौप्यपदक जिंकले. 2024 मध्ये पॅरिसला स्कीटच्या मिश्र जोडीत आपले कांस्यपदक एका गुणाने हुकले. महाराष्ट्राचे म्हणाल, तर कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांनी नाव गाजवले ते रायफलीत. चकत्यांच्या खेळात मराठी मुलांना अजून पुष्कळ जागा मोकळी आहे.

शिकवावयाचे कसे, ते आता सांगतो. पहिल्या दिवशी काडतूस दाखवूच नये. मुलाने बंदूक उघडावी, नळ्यांतून उजेडाकडे पाहावे, पुसावी, तेल द्यावे, मिटावी. पुढे खोटी काडतुसे घालून दस्ता गालाला आणि खांद्याला लावण्याची सवय करावी. शंभरदा केले तरी कंटाळू नये.

मग हलत्या लक्ष्याचे गणित. चकती ताशी 90 किलोमीटर वेगाने आडवी चालली आहे, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. छऱ्यांना 30 मीटर जावयास साधारण एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात चकती अडीच मीटर पुढे गेलेली असते. म्हणून बार चकतीवर नाही, चकतीच्या पुढे सोडावयाचा, आणि सोडतानाही नळी फिरतीच ठेवावयाची. माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणाऱ्या शेतकऱ्याला हे न शिकवता कळते. त्याच्या नातवाला ते कळावयास वेळ लागणार नाही.

दोन सूचना मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. एक, घरची बंदूक घेऊन रानात सराव करणे हा गुन्हा आहे. परवाना ज्याच्या नावे, वापर त्याचाच. 21 वर्षांखालच्या मुलाला स्वतःची बंदूक बाळगता येत नाही. नियमांत बसत असेल, तर मान्यताप्राप्त क्लबात देखरेखीखाली तो शिकू शकतो. कॉलेजातल्या मुलाने आधी एन. सी. सी.त रायफल हाती धरावी, शिस्त अंगी बाणवावी. दुसरी सूचना, जुनी बंदूक जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय उडवू नये. काही जुन्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या असतात. त्या काळ्या दारूसाठी बनलेल्या. काहींचे काडतुसाचे घर अडीच इंचांचे असते, आणि आजचे पावणेतीन इंचांचे काडतूस त्यात बसल्यासारखे दिसले तरी उडताना दाब भलताच वाढतो. नळी फुटली तर पुढचा डावा हातच जावयाचा.

तेलगावच्या पोराला चकत्यांचे मैदान हाकेच्या अंतरावर नाही, हे मी जाणतो. पण बंदूक उघडी ठेवणे, नळीचे तोंड कधी माणसाकडे न वळवणे, दोन बारांत समाधान मानणे, या गोष्टींना मैदान लागत नाही. तुमच्या घरी परवान्याची दुनळी असेल, तर एखाद्या रविवारी ज्याच्या नावे परवाना आहे त्याने ती बाहेर काढावी, रिकामी असल्याची खात्री करावी, आणि मुलांना शेजारी बसवून तिचा एकेक भाग समजावून सांगावा. बंदूक म्हणजे काय हे ज्याला नीट कळले, तो ती वरातीत नाचवणार नाही.